मुक्काम हलवलेली घरे

गेल्या वर्षी सहामाही परीक्षा आटोपली आणि आमच्या शाळेची सहल पुण्याला गेली. सकाळी शनिवारवाडा झाला, पर्वती झाली, आणि दुपारी भाकरीची गाठोडी सोडण्यापूर्वी मी मुलांना राजा दिनकर केळकर संग्रहालयात नेले. आमची पोरे खेड्यातली. संग्रहालय म्हणजे वाघाचे कातडे आणि तोफा, एवढीच त्यांची समजूत. इथे पाहतात तो अडकित्ते, दिवे, दौती, फण्या, पाय घासायच्या वज्री! "आमच्या आजीकडं पण असला अडकित्ता हाय, गुरुजी," असे म्हणत ती त्या कपाटापाशी अशी काही खिळली, की त्यांना पुढे हलवता हलवता माझा घसा बसला.

अखेर आम्ही मस्तानी महालापाशी आलो. कोरीव लाकडी खांब, वर नक्षीचे काम, मंद उजेड. मी सवयीप्रमाणे सांगू लागलो, "मुलांनो, हा महाल मूळचा इथला नव्हे. तो कोथरूडला होता. तिथून उतरवून आणला आणि इथे पुन्हा उभा केला."

सातवीतल्या एका मुलीने हात वर केला. म्हणाली, "गुरुजी, मग हे खरं घर आहे, का घराचं सामान आहे?"

मास्तरांना उत्तर आले नाही, की ते रांग सरळ करायला लावतात. मीही तेच केले. पण परतीच्या गाडीत मुले गाण्याच्या भेंड्या खेळत होती आणि माझ्या डोक्यात तोच प्रश्न घोळत होता. वाचकहो, मी काही इतिहासाचा पंडित नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला, दोन-चार कादंबऱ्या लिहिलेला एक मास्तर आहे. तरीही त्या मुलीचे उत्तर माझ्याकडे देणे होते, आणि का होते ते पुढे येईलच.

आधी त्या महालाची हकिकत. १७२९ साली बुंदेलखंडात महंमदखान बंगशाने छत्रसालाला कोंडीत धरले, तेव्हा पहिला बाजीराव त्याच्या मदतीला धावून गेला. त्यानंतर छत्रसालाची कन्या मस्तानी बाजीरावाच्या आयुष्यात आली आणि पुण्याला आली. १७३० साली पाया घातलेला शनिवारवाडा १७३२ साली राहता झाला. त्यात मस्तानीसाठी वेगळा महाल होता. वाड्याच्या उत्तरेच्या तटातल्या एका दरवाजाला आजही मस्तानी दरवाजा म्हणतात. पण वाड्यात जागा असणे वेगळे आणि घरात जागा असणे वेगळे. पेशव्यांच्या घराने तिला सून म्हणून कधी मानले नाही. पुढे १७३४ च्या सुमारास बाजीरावाने तिच्यासाठी कोथरूडला स्वतंत्र निवास बांधला. आजचे कोथरूड डोळ्यांपुढे आणू नका. त्या काळी ते पुण्याबाहेरचे एक खेडे होते. त्याच साली तिचा मुलगा समशेरबहादूर जन्मला. २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदेकाठी रावेरखेडीला बाजीराव गेला, आणि त्याच वर्षी मस्तानीही गेली. पाबळला तिची कबर आहे. समशेरबहादूर १७६१ साली पानिपतच्या रणात घायाळ होऊन कामी आला.

शनिवारवाड्यातले सारे लाकूडकाम १८२८ च्या आगीत भस्म झाले. कोथरूडच्या महालाचीही काळाने मोडतोड केलीच. त्या जागी आज कर्वे रस्त्यावर मृत्युंजयेश्वराचे देऊळ आहे. पण महालाचे काही अवशेष वाचले ते एका माणसामुळे. दिनकर गंगाधर केळकर हे त्यांचे नाव. १८९६ साली जन्मलेले काकासाहेब 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तू जमवण्याचा नाद लागला, आणि पत्नी कमलाबाईंनी त्यात त्यांना साथ दिली. लोकांनी माळ्यावर टाकलेल्या, मोडीत काढलेल्या वस्तू ते गावोगाव हिंडून गोळा करीत. असे करता करता वीस हजारांच्या आसपास वस्तू जमल्या. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला. त्याच्या नावाने हे संग्रहालय उभे राहिले, आणि १९७५ साली त्यांनी ते सरकारच्या स्वाधीन केले. १९९० साली काकासाहेब गेले. अडकित्ता खिशात घालून आणता येतो, पण हा गृहस्थ कोथरूडहून महालाचे खांब घेऊन आला!

आता गंमत पाहा. ज्या बाईला पुण्याच्या घरात जागा मिळाली नाही, तिच्या घराला मात्र दोन शतकांनी पुण्याच्या भर पेठेत जागा मिळाली. आणि तीही कुठे? बाजीराव रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर! कादंबरीत मी हे लिहिले असते, तर संपादकांनी 'योगायोग फार झाला' म्हणून हस्तलिखित परत धाडले असते.

घर उतरवून दुसरीकडे नेणे हे वेड फक्त आपल्याकडचे आहे असे मात्र नाही. स्वीडनमध्ये आर्तुर हाझेलिउस नावाच्या गृहस्थाने १८९१ साली स्टॉकहोमला 'स्कान्सेन' नावाचे उघड्यावरचे संग्रहालय काढले. ठिकठिकाणची जुनी शेतघरे उतरवून आणायची आणि एकाच टेकडीवर पुन्हा उभी करायची, असा त्याचा उद्योग. पण मला सर्वांत नवल वाटले ते कॅप्टन कुकच्या घराचे.

इंग्लंडात यॉर्कशायर परगण्यात ग्रेट एटन नावाचे गाव आहे. तिथे दर्यावर्दी जेम्स कुकच्या आईबापांचे दगडी घर होते. दारावरच्या दगडात त्यांची आद्याक्षरे आणि १७५५ हे साल कोरलेले. १९३३ साली ते घर विक्रीला निघाले. घर इंग्लंडाबाहेर जाऊ नये अशी मालकिणीची इच्छा होती. तिची समजूत घालून 'इंग्लंड' हा शब्द काढला आणि 'साम्राज्य' हा शब्द घातला! गावकऱ्यांची बोली तीनशे पौंडांवर थांबली. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या रसेल ग्रिमवेड यांनी आठशे पौंड मोजले आणि ते घर व्हिक्टोरिया प्रांताच्या शताब्दीनिमित्त लोकांना भेट म्हणून द्यायचे ठरवले. मग एकेक दगड खूण करून उतरवला गेला. २५३ पेट्या आणि ४० पिंपे भरली, 'पोर्ट डनेडिन' नावाच्या बोटीवर चढवली, आणि अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून ते घर १९३४ साली मेलबर्नच्या फिट्झरॉय बागेत पुन्हा उभे राहिले. भिंतीवरच्या वेलीची कलमेसुद्धा बरोबर नेली होती.

वास्तविक ज्या १७५५ साली दारावर ती अक्षरे कोरली गेली, त्याच साली कुक आरमारात भरती झाला. म्हणजे ते घर आईबापांचे. मुलगा तिथे आला असेल तर पाहुणा म्हणूनच. तरीही मला त्या लोकांचे कौतुक वाटते ते एका गोष्टीसाठी. घर गेले, पण पत्ता पुसला नाही. ग्रेट एटनमधली घराची मोकळी झालेली जागा त्यांनी तशीच टाकून दिली नाही. कुकच्या जहाजावरून ऑस्ट्रेलियाचा किनारा प्रथम दिसला तो पॉइंट हिक्सपाशी. तिथला ग्रॅनाइट आणून त्या मोकळ्या जागी एक स्तंभ उभारला. तिकडचा दगड इकडे आणि इकडचे घर तिकडे. दोन्ही ठिकाणी विचारा, दुसऱ्याचा पत्ता मिळतो.

आपले जुने वाडे तर प्रवासाला त्याहून सोयीचे. वाड्याचा सारा भार लाकडी सांगाड्यावर. खाली दगडी उथळा, त्यावर सागाचा खांब, खांबावर तुळई, तुळयांवर कडीपाट. खांबाचे कुसू तुळईच्या खाचेत बसलेले असते. जाणता सुतार खुणा करून उतरवू लागला, की चार दिवसांत वाडा गाडीत भरतो. मागे उरते ती माती, आणि दगडाचे उथळे. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही; डोळ्यांनी पाहिले आहे. आता माझे देणे सांगतो.

आमचा वाडा सातारच्या बाजूला, चौसोपी. मधल्या सोप्यात चौथ्या खांबावर वडील दर दिवाळीच्या पाडव्याला चाकूने आमच्या उंचीच्या खुणा करीत. एका बाजूला माझ्या, दुसऱ्या बाजूला अक्काच्या. अक्का माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. नवव्या वर्षी तापाने गेली. त्या काळी आमच्याकडे फोटो कोण काढतो! ती केवढी होती हे सांगणारी एकच गोष्ट घरात होती, तो खांब. पुढे माझ्या खुणा चढत गेल्या. ज्या पाडव्याला मी अक्काच्या शेवटच्या खुणेच्या वर जाणार होतो, त्या पाडव्याला वडील म्हणाले, "आता मोठा झालास. पुरे." आणि चाकू मिटून ठेवला.

बारा वर्षांपूर्वी पावसात मागची भिंत बसली. हिस्सेदार पाच, दुरुस्तीला पैसे कुणाकडेच नव्हते. लाकूड विकायचे ठरले. कागदावर माझीही सही आहे. जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याचा सुतार आला आणि गेरूने खांबांवर आकडे घालू लागला. एक, दोन, तीन, चार. शाळेत मी पोरांकडून अंक गिरवून घेतो, पण आकड्यांची अशी भीती मला कधी वाटली नव्हती. तो एक खांब मागून घ्यावा असे मनात आले. घरी बोललो. दोन खोल्यांचे भाड्याचे बिऱ्हाड आमचे. बायको म्हणाली, "अहो, पण ठेवायचा कुठं?" तिने विचारले ते मला मनातून बरेच वाटले. नाही म्हणण्याचे काम तिच्या माथी मारून मी मोकळा झालो.

त्यानंतर चार-पाच वर्षांनी एका लग्नाहून परतताना आम्ही हमरस्त्यावरच्या एका हॉटेलात चहाला थांबलो. जुन्या वाड्यासारखे सजवलेले हॉटेल. सोपा, झोपाळा, पितळी समया. मी खांबाला टेकून बसलो आणि हात सहज मागे गेला. पॉलिशच्या थराखाली बोटांना खाचा लागल्या. एकीवर एक. वळून पाहिले. एका बाजूच्या खाचा जिथे थांबल्या होत्या, तिथेच दुसऱ्या बाजूच्याही थांबल्या होत्या.

गल्ल्यावरच्या माणसाला मी विचारले, "हे खांब कुठले हो?"

तो मोठ्या अभिमानाने म्हणाला, "जुन्या बाजारातून आणलेत, साहेब. कुठल्या तरी राजवाड्याचे आहेत म्हणतात."

मी काही बोललो नाही. बायकोने माझ्याकडे पाहिले, पदराने तो खांब हळूच पुसला, आणि आम्ही गाडीत येऊन बसलो. लाकूड सुखरूप होते; आमच्या घरी वाळवीने खाल्ले असते, तिथे ते चकाकत होते. पण त्याला आता कुणी विचारले तर ते आमच्या गावाचे नाव सांगणार नव्हते. अक्काचे तर नाहीच नाही.

सहलीनंतरच्या सोमवारी मी वर्गात त्या मुलीला उभे केले. म्हटले, "तुझ्या प्रश्नाचं उत्तर ऐक. उतरवून आणलं ते सामानच असतं. पण त्याच्यासोबत त्याचा पत्ता आला, कुठलं, कुणाचं, का हललं, हे सांगणारं कुणी असलं, तर ते घर असतं. पत्ता हरवला की उरतं ते लाकूड."

तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "मग आमचं घर पाडायच्या आधी पत्ता लिहून ठेवायला पाहिजे."

तिच्या घरी नवे सिमेंटचे घर बांधायचे चालले होते, हे मला तेव्हा कळले. त्या आठवड्यात मी सगळ्या वर्गाला गृहपाठ दिला. आपले किंवा आजोळचे जुने घर मोजायचे. खण किती, खांब किती, कुठल्या खोलीत कोण जन्मले, कुठल्या कोनाड्यात कोणता दिवा लागतो, सारे आजी-आजोबांना विचारून लिहायचे. एकेचाळीस वह्या आल्या. शुद्धलेखन भयंकर. पण एकाही वहीवर मला तांबडी शाई चालवावीशी वाटली नाही. त्या मुलीच्या वहीत शेवटच्या पानावर जात्याचे चित्र होते आणि खाली लिहिले होते, 'हे जड आहे म्हणून इथेच राहणार आहे.'

ते वाचून मी त्याच रविवारी गावी गेलो. वाड्याच्या जागेवर रुईची झाडे वाढली होती. व्यापाऱ्याने लाकूड नेले. दगडाला भाव नाही म्हणून उथळे टाकून दिले होते. चौथ्या खांबाचा उथळा शोधायला वेळ लागला नाही. चौघांनी उचलून तो टेंपोत घातला.

आता तो आमच्या बिऱ्हाडाच्या दाराशी आहे. धाकट्याने विचारले तेव्हा त्याला सारे सांगितले. गावाचे नाव, सोपा कुठला, खांब कितवा, आत्या केवढी होती. या दिवाळीत पहिली पणती त्यावर ठेवायची असे घरात ठरले आहे. त्याची आई म्हणते, पणतीपाशी खडूने गावाचे नावही लिहू.