नौकेची पाठ आणि पाषाणाचा स्पर्श

नौकांचा इतिहास लिहिणारे शिडांविषयी, वाऱ्यांविषयी आणि लढायांविषयी लिहितात. लाकूड घासून गुळगुळीत करणाऱ्या हातांविषयी क्वचितच. वस्तुतः पाणी नौकेस सुखाने वाट देते ते या हातांच्या कष्टांमुळे. या कलेचे एक सुबोध उदाहरण पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांत आढळते.

तेथे होडी 'कोआ' वृक्षाच्या अखंड खोडातून कोरीत. वृक्षाची निवड हे धर्मकृत्यच असे. तोडलेल्या खोडावर 'एलेपायो' नावाचा चिमुकला पक्षी उतरून चोची मारू लागला, तर पुरोहित ते खोड त्याज्य ठरवी. हा पक्षी किडे टिपून खातो. तेव्हा श्रद्धेच्या पोटी सूक्ष्म निरीक्षणही होतेच.

१७७८ साली कॅप्टन कुक तेथे पोहोचला. तोपर्यंत खोड तासण्याचे काम दगडी वाकसाने होई. त्याच्या घावांचे उंचवटे काढण्यास घासण्याचे दगड निरनिराळे असत: प्रथम खरखरीत लाव्हा, नंतर पोवळ्याचे खडे, आणि अखेरीस त्याहून बारीक कणांचे पाषाण. तदनंतर वनस्पतींचा रस व कोळसा यांचा काळा लेप चढे. जाड्याकडून बारकाकडे जाण्याचा हा क्रमच आजच्या पॉलिश पेपरवरील ८०, १२०, २२० या अंकांत टिकून आहे.

अन्यत्र माशाचे कातडे हेच साधन झाले. रोमन लेखक प्लिनी याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात, शार्कच्या कुळातील एका माशाच्या कातड्याने लाकूड व हस्तिदंत घासतात, अशी नोंद केली आहे. ज्याने मोरीच्या अंगावरून शेपटीकडून डोक्याकडे हात फिरविला असेल, त्यास याचे मर्म सांगावयास नको. चीनमध्ये तेराव्या शतकात शिंपल्यांचा चुरा व वाळू डिंकाने चर्मपत्रावर चिकटवीत. लंडनमध्ये १८३३ साली जॉन ओकी याने काचकागदाचा धंदा आरंभिला. १९२१ साली अमेरिकेत पाण्यात भिजवून वापरण्याचा कागद निघाला आणि कारागिराच्या छातीत जाणारी धूळ कमी झाली.

तथापि केवळ कागदाने काम साधत नाही. नुसत्या बोटांनी घासले तर मऊ जागी खळगे पडतात. म्हणून नौकेच्या वक्र पाठीवर कागद लावलेली लांब, किंचित लवणारी फळी तिरकी फिरवितात. ती उंचवट्यांवरच टेकते आणि खळग्यांना स्पर्श करीत नाही. शेवटची परीक्षा मात्र डोळे मिटून तळव्यानेच करावयाची.

पुढे हवाईत परंपरागत पद्धतीची एक मोठी जोडहोडी बांधावयाचे ठरले. अनेक महिने रान धुंडाळूनही पुरेशी मोठी व निरोगी कोआची खोडे मिळेनात. वृक्षतोड आणि मोकाट गुरे यांनी ते वन खचले होते. अखेर अलास्कातील आदिवासींनी आपल्या रानातील स्प्रूसचे दोन प्रचंड वृक्ष भेट दिले, आणि १९९३ साली 'हवाईलोआ' पाण्यात उतरली. घासण्याची साधने दोन शतकांत कितीतरी सुधारली; घासावे असे खोड मात्र त्या बेटांवर उरले नव्हते.