‘तेव्हा सगळे हसले होते’ : घड्याळांच्या प्रदर्शनातलं मत पुरावा म्हणून कसं वाचायचं?

घड्याळांच्या इतिहासात एक वाक्य हमखास भेटतं: ‘रॉयल ओक पहिल्यांदा बासेलच्या प्रदर्शनात ठेवलं, तेव्हा सगळे हसले होते.’ व्हिडिओंमध्ये भेटतं, संग्राहकांच्या गप्पांत तर भेटतंच. आज या एका वाक्याची उलटतपासणी करू. विषय महागड्या घड्याळांचा आहे खरा. पण तुम्ही इतिहासाचे असा, समाजशास्त्राचे असा की माझ्यासारखे विज्ञानाकडून आलेले, सिनॉप्सिसमध्ये ‘तत्कालीन मत असे होते’ हे वाक्य तुम्ही कधी ना कधी लिहिणारच आहात. ते कशाच्या जोरावर लिहायचं, हा आजचा प्रश्न.

आधी घटना पाहू

स्वित्झर्लंडमधल्या बासेल शहरात १९१७ साली ‘नमुन्यांचं प्रदर्शन’ सुरू झालं. नाव नीट वाचा. नमुने ठेवायचे, व्यापाऱ्यांनी ते पाहायचे, ऑर्डर लिहायची आणि गावी जायचं. घड्याळवाले त्यात पहिल्यापासून होते, १९३१ साली त्यांना स्वतंत्र दालन मिळालं. पुढे हेच प्रदर्शन ‘बासेलवर्ल्ड’ नावाने जगभर ओळखलं गेलं.

१९७२ च्या एप्रिलमध्ये इथे ऑडेमार पिगे कंपनीने रॉयल ओक ठेवलं. आरेखन जेराल्ड जेंटाचं. अष्टकोनी कडा, त्यावर उघडे दिसणारे आठ स्क्रू, ३९ मिलिमीटरचा व्यास, आणि धातू कोणता, तर पोलाद! किंमत ३,३०० स्विस फ्रँकच्या घरात. त्या काळात उंची घड्याळ म्हणजे सोन्याचं, पातळ आणि लहान. पोलाद हे रोजच्या वापराच्या घड्याळाला. म्हणजे पोलादी घड्याळाला सोन्याहून जास्त भाव मागितला जात होता. काळही बरा नव्हता. १९६९ च्या २५ डिसेंबरला सेइकोने टोकियोत क्वार्ट्झचं मनगटी घड्याळ विक्रीला आणलं होतं. स्विस घड्याळ उद्योगात १९७० साली सुमारे ९०,००० माणसं कामाला होती. १९८० च्या दशकाच्या मध्याला त्यातली तीस-पस्तीस हजारच उरली.

आता ‘सगळे हसले’ या वाक्यातला ‘सगळे’ हा शब्द पकडा. सगळे म्हणजे कोण?

‘संग्राहक’ तेव्हा होता का?

आज आपल्या डोळ्यांसमोर येतो तो संग्राहक: हातात मोबाईल, मनगटावर नवीन मॉडेल, आणि ‘ही तबकडी दोन मिलिमीटर लहान हवी होती’ असं ठासून सांगणारा. १९७२ च्या बासेलमध्ये हा माणूस शोधू नका. खिशातली जुनी, नक्षीदार घड्याळं जमवणारे श्रीमंत लोक फार आधीपासून होते. पण मनगटी घड्याळ ‘संग्रहाची वस्तू’ म्हणून विकत घेण्याची लाट १९८० च्या दशकात उसळली. पुढे अँटिकोरम नावाने प्रसिद्ध झालेली, घड्याळांच्या लिलावाला वाहिलेली जिनिव्हाची पेढीसुद्धा १९७४ सालची, म्हणजे रॉयल ओकनंतरची.

मग बासेलमध्ये नाक मुरडणारे होते कोण? प्रामुख्याने दुकानदार आणि वितरक. त्यांच्यासाठी घड्याळ आवडणं-नावडणं हा रसिकतेचा प्रश्न नव्हता. माल उचलला आणि खपला नाही तर पैसा अडकणार होता. ‘हे चालणार नाही’ असं दुकानदार म्हणतो तेव्हा तो सौंदर्यावर निकाल देत नसतो, स्वतःच्या गल्ल्याचा हिशेब सांगत असतो. आपण मात्र पन्नास वर्षांनी ते वाक्य उचलतो, त्याला ‘रसिकांनी नाकारलं’ असा अर्थ चिकटवतो आणि वर ‘काळाच्या पुढचं आरेखन’ अशी गोष्ट रचतो. इतिहासलेखनात याला कालविपर्यास म्हणतात: आजची भूमिका कालच्या माणसाच्या तोंडी घालणं.

दुसरी गोष्ट सांगण्याच्या वेळेची. जेंटाने हे आरेखन एका रात्रीत केलं, ही कथा त्याने स्वतः नंतरच्या मुलाखतींत सांगितली आहे. नंतरच्या, म्हणजे घड्याळ गाजल्यावरच्या. यश मिळाल्यावर सुरुवातीचा विरोध जितका मोठा सांगावा, तितका नायक मोठा होतो. याचा अर्थ कथा खोटी असा नाही. अर्थ एवढाच की ती १९७२ चा पुरावा नाही, आठवणीचा पुरावा आहे. १९७२ चा पुरावा हवा तर ऑर्डरची वही, विक्रीची नोंद, त्या महिन्यातलं व्यापारी मासिक, किंवा प्रत्यक्ष घड्याळ पाहावं लागतं. पहिल्या मालिकेच्या रॉयल ओकवर मागच्या बाजूला ‘ए’ हे अक्षर आणि पुढे क्रमांक कोरलेला आहे. तो आकडा कुणाची मुलाखत पाहून बदलत नाही!

कोणाचं काय पणाला लागलंय?

आता आजच्या प्रदर्शनात या. बासेलवर्ल्डला २०१७ मध्ये सुमारे १,३०० प्रदर्शक होते, पुढच्याच वर्षी ते साधारण ६५० वर आले. २०१८ मध्ये स्वॉच समूहाने काढता पाय घेतला, २०२० च्या एप्रिलमध्ये रोलेक्स, पाटेक फिलिप, शोपार्ड यांनीही निरोप घेतला. संपलंच सगळं. मुख्य मान आता जिनिव्हाच्या ‘वॉचेस अँड वंडर्स’कडे आहे, आणि तिथे काही दिवस तिकीट काढून सामान्य माणसालाही आत जाता येतं. म्हणजे मत देणारा बदलला: दुकानदाराच्या जागी हौशी आणि संग्राहक आला.

त्याचंही काही पणाला लागलेलं असतंच. पाटेक फिलिपचं नॉटिलस घ्या. हेही जेंटाचंच, १९७६ चं, पोलादी. २०२१ च्या डिसेंबरमध्ये त्याच्या एका निळ्या तबकडीच्या घड्याळाला न्यूयॉर्कच्या लिलावात ६५ लाख डॉलर आले. ज्याच्या तिजोरीत असलं एखादं पडून आहे, त्याला नवीन मॉडेल ‘जुन्याची सर नाही’ असं वाटलं तर नवल काय? तो खोटं बोलत नाही. त्याला तसं खरंच वाटतं. पण त्याच्या वाटण्याला त्याच्या कपाटाचा आधार आहे.

म्हणून पहिला नियम लिहून ठेवा. मत नोंदवताना शेजारी एक रकाना ठेवायचा: हे मत चुकलं तर बोलणाऱ्याचं काय जातं?

आपल्या घरातलं फावर-ल्युबा

हे सगळं स्वित्झर्लंडचं झालं. महालातल्या वाड्यांत, किंवा तुमच्या गावी आजोबांच्या कपाटात, आपल्याला सापडतं ते वेगळं घड्याळ: फावर-ल्युबा, वेस्ट एंड नाहीतर एचएमटी. फावर-ल्युबाचं मूळ १७३७ सालचं, ल लॉक्ल गावचं. पण एकोणिसाव्या शतकातच ही कंपनी मुंबईच्या बाजारात आली आणि इथे इतकी रुळली की अनेकांना ती देशीच वाटायची. १९५७ च्या परकीय चलनाच्या टंचाईनंतर आयातीवर बंधनं कडक झाली. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगळुरूला एचएमटीचं घड्याळ बनू लागलं. परदेशी घड्याळ दुर्मीळ, म्हणून मानाचं. लग्नात जावयाला घड्याळ, सायकल, रेडिओ देण्याचा तो काळ. सी चीफ, सी किंग ही नावं म्हाताऱ्या माणसांना अजून पाठ आहेत.

२०११ मध्ये टाटांच्या टायटनने ही कंपनी विकत घेतली आणि २०१७ च्या बासेलमध्ये ‘बिव्हॉक ९०००’ ठेवलं. १९६२ च्या मूळ बिव्हॉकमध्ये हवेच्या दाबावरून उंची दाखवणारं यंत्र होतं. नव्याने ती मर्यादा ९,००० मीटरपर्यंत, म्हणजे एव्हरेस्टच्याही वर नेली. यांत्रिक करामत म्हणून दाद द्यावी अशीच. पण व्यास ४८ मिलिमीटर! ज्याच्या मनात वडिलांचं पस्तीस मिलिमीटरच्या आसपासचं, रोज सकाळी चावी द्यायचं घड्याळ आहे, त्याला हे मनगटावर वाटीसारखं वाटणार. गिर्यारोहणाची साधनं जमवणाऱ्याला तेच घड्याळ योग्य वाटणार. पुढे टायटननेही हात काढून घेतला. २०२३ मध्ये कंपनी एथॉसच्या समूहाकडे गेली आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये ‘जिनिव्हा वॉच डेज’मध्ये चीफ, डीप ब्लू ही जुनी नावं घेऊन परत उभी राहिली.

इथे दुसरा नियम सापडतो. मत नेहमी तुलनेतून येतं, आणि ती तुलना बहुतेक वेळा बोलली जात नाही. ‘मोठं आहे’ म्हणजे कशापेक्षा मोठं? ‘महाग आहे’ म्हणजे कशाच्या मानाने? मुलाखत घेताना हा एक प्रश्न विचारलात तर अर्धं विश्लेषण तिथेच होतं.

‘मुंबई स्पेशल’: ज्यांचं मत कुणी विचारलं नाही

आता सगळ्यात महत्त्वाचं. जगभरच्या संग्राहकांत एक शिवी आहे: ‘मुंबई स्पेशल’. जुनं स्विस किंवा एचएमटीचं मशीन, त्यावर नव्याने रंगवलेली भडक तबकडी, दुसऱ्याच घड्याळाचे काटे, वर चकचकीत मुलामा, आणि ‘अस्सल जुनं’ म्हणून विक्री. असल्या विक्रीला फसवणूकच म्हणायचं, त्यात दुमत नाही. ओळखायच्या खुणाही ठरलेल्या आहेत: अक्षरांमधलं अंतर चुकलेलं, मिनिटांच्या रेघा ठोकळ्यांशी न जुळणाऱ्या, कंपनीच्या सूचिपत्रात कधीच नसलेला रंग.

विज्ञानवाल्यांसाठी आणखी एक खूण. जुन्या तबकड्यांवर अंधारात चमकण्यासाठी रेडियम लावत. त्याचं अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षं. पण प्रकाश देतं ते सोबतचं झिंक सल्फाइड, आणि किरणांच्या माऱ्याने ते काही दशकांतच निकामी होतं. म्हणून खरी जुनी रेडियमची तबकडी अंधारात चमकत नाही, पण गायगर यंत्र तिच्याजवळ टकटक करतं. ट्रिटियमचं अर्धायुष्य १२.३ वर्षं, म्हणजे १९६५ च्या तबकडीवर आज तीन-चार टक्केच उरलं असणार. साठ वर्षांचं घड्याळ रात्री लख्ख चमकत असेल तर रंग नवा आहे असं समजा. (रेडियमचं घड्याळ घरी उघडायच्या फंदात मात्र पडू नका. ती धूळ श्वासावाटे आत जाणं धोक्याचं.)

पण इतिहासाचा विद्यार्थी इथे थांबत नाही. तबकडी पुन्हा रंगवण्याचा धंदा आला कुठून? पावसाळ्याच्या दमट हवेत तबकडीला डाग पडतात. आयात बंद, मूळ सुटे भाग मिळत नाहीत. गिऱ्हाइकाकडे घड्याळ एकच, आणि त्याला वेळ पाहायची आहे, संग्रह करायचा नाही. तो घड्याळजीला म्हणणार, ‘डायल नवं करून द्या, आकडे ठळक काढा.’ डोळ्याला भिंग लावून, सुटे भाग उपड्या काचेच्या ग्लासाखाली झाकून ठेवणाऱ्या त्या कारागिराने जे केलं ती दुरुस्ती होती. फसवणूक झाली ती नंतर, विकणाऱ्याने ‘अस्सल’ असं म्हटलं तेव्हा.

संग्राहकाच्या वहीत ही दोन्ही कामं एकाच शिवीखाली जातात. कारण त्याचा निकष ‘मूळ रूप’ हा आहे आणि घड्याळजीचा निकष ‘चालू अवस्था’. दोन्ही निकष आपापल्या जागी बरोबर. फरक एवढाच की एकाची मतं इंग्रजीत, तारखेसह, फोटोंसह साठवली जातात, आणि दुसऱ्याचं मत कुठेच छापून येत नाही. उद्या कुणी भारतातल्या घड्याळांचा इतिहास फक्त लिहून ठेवलेल्या मतांवरून लिहिला, तर त्यात चाळीस-चाळीस वर्षं घड्याळं जिवंत ठेवणारा माणूस फक्त लबाड म्हणून शिल्लक राहील. हा साधनांचा पक्षपात आहे, आणि तो तुमच्या विषयातही कुठेतरी दबा धरून बसलेला आहे. शेतीवर काम करत असाल तर तिथे, औषधांवर करत असाल तर तिथे.

मग करायचं काय?

तिसरा नियम: लिहिलेलं मत नसेल तर कृतीत उमटलेलं मत शोधा. घड्याळांच्या बाबतीत ते अक्षरशः सापडतं. घड्याळजी सर्व्हिसिंग केल्यावर मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला टोकदार अवजाराने बारीक खूण करतो: तारीख, आद्याक्षर, कधी नुसता क्रमांक. एकाच झाकणात अशा पाच-सहा खुणा असू शकतात. प्रत्येक खूण म्हणजे त्या वर्षी कुणाला तरी हे घड्याळ दुरुस्तीचे पैसे देण्याइतकं मोलाचं वाटलं, याची तारीखवार नोंद. आणि ही नोंद कुणाला पटवण्यासाठी केलेली नाही, म्हणून ती मुलाखतीपेक्षा जास्त विश्वासाची.

घरी आजोबांचं घड्याळ असेल तर महालात केळीबाग रोडला किंवा तुमच्या गावच्या बाजारात एखाद्या जुन्या घड्याळजीकडे ते घेऊन जा. आधी काट्यांवर, ठोकळ्यांवर रेडियम असण्याची शक्यता आहे हे त्यांना सांगा. झाकण त्यांनाच उघडू द्या, आतल्या खुणांचा फोटो काढा, आणि विचारा, ‘काका, यातली तुमची कोणती?’ मग वही उघडून चार रकाने आखा: कोण, कधी, कशाच्या तुलनेत, काय पणाला. पहिली ओळ भरली की मला कळवा.