नुसतं बघायची परवानगी

माझ्या आजोबांच्या गालावर भेगा पडल्यात. म्हणजे मी काढलेल्या चित्रातल्या आजोबांच्या.

दोन वर्षांपूर्वी मी शनिवार-रविवारी यूट्यूब बघून तेलरंग शिकायला लागले. कोडिंगही निम्मंअधिक असंच शिकले होते. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत जे कळलं नाही ते नोकरी लागल्यावर रात्री व्हिडिओ बघून कळलं. त्यामुळे हेही जमेल, असा एक माज होता. आजोबांचा चेहरा काढायला तीन महिने लागले. जमलाही होता. घरच्यांनी हॉलमध्ये लावला. सात-आठ महिन्यांनी एका सकाळी उन्हाची तिरीप त्यावर पडली आणि उजव्या गालावर बारीक जाळं दिसलं, सुकलेल्या तळ्याच्या मातीसारखं.

रंगाच्या दुकानातल्या काकांना फोटो दाखवला. त्यांनी एका वाक्यात निकाल दिला, "खाली तेल जास्त घातलंस आणि वर कमी." तेलरंग जलरंगासारखा पाणी उडून वाळत नाही. त्यातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेत आठवडे-महिने घट्ट होत राहतं. खालच्या थरात तेल जास्त असेल तर वरचा थर कडक झाल्यावरही खालचा हलत असतो आणि वरचा तडकतो. म्हणून सुरुवातीचे थर कमी तेलाचे आणि वर जाल तसं तेल वाढवायचं. बघितलेल्या चाळीसेक व्हिडिओंत कुणीतरी हे सांगितलंही असेल. मी ते पुढे ढकललं असणार.

त्या रात्री एकच प्रश्न डोक्यात होता. दीडशे वर्षांपूर्वी, यूट्यूब नसताना आणि रंगाच्या दुकानातले काका नसताना, राजा रविवर्मांना हे कुणी सांगितलं?

रविवर्मा म्हटलं की आपल्या पिढीला आधी 'रंगरसिया' आठवतो. २०१४चा तो सिनेमा रणजित देसाईंच्या 'राजा रविवर्मा' या कादंबरीवर बेतलेला आहे. दोन्हींत प्रेमकहाणी भरपूर आहे. मला मात्र त्याआधीच्या सहा-सात वर्षांचं कुतूहल जास्त आहे, ज्यांत कुणी फारसं रमत नाही.

जन्म २९ एप्रिल १८४८, त्रावणकोरातल्या किळिमानूरचा. नावात राजा असला तरी ते कुठल्या संस्थानाचे राजे नव्हते. घराणं त्रावणकोरच्या राजघराण्याशी लग्नसंबंध असलेलं. मामा राजा राजवर्मा तंजावर वळणाची चित्रं काढायचे. मुलगा कोळशाने भिंती रंगवतो हे बघून त्यांनीच त्याला पहिले धडे दिले, आणि १८६२ साली, मुलगा चौदा वर्षांचा असताना, त्याला तिरुवनंतपुरमला महाराजा आयिल्यम तिरुनाळ यांच्या दरबारी नेलं. महाराजांना चित्रांची आवड होती. राहायची सोय झाली, जलरंगांची तालीमही चालू झाली.

तेलरंगांपाशी मात्र गाडी अडली. हे माध्यम युरोपातून आलेलं, ते येणारी माणसं मोजकी आणि येणाऱ्याची रोजीरोटी त्यावर चाललेली. दरबारी चित्रकार रामस्वामी नायकर यांना तेलरंग येत होते, पण या मुलाला शिकवायला त्यांनी नकार दिला. त्यांचा शिष्य अरुमुगम पिल्लै रात्री गुपचूप येऊन जमेल तेवढं सांगून जायचा, असं चरित्रकार सांगतात. पुढे १८६८ साली थिओडोर जेन्सन हा युरोपीय चित्रकार महाराजांची व्यक्तिचित्रं करायला आला. त्यानेही शिकवायला नकार दिला. महाराजांचा शब्द पडल्यावर एवढीच सवलत मिळाली, की मी काम करताना या मुलाने उभं राहून बघावं.

म्हणजे तिथे असायचं, पण विचारायचं नाही. कुंचला कुठल्या बाटलीत बुडतोय, आज कुठला भाग ओला आहे आणि उद्या कुठल्या भागावर पुन्हा रंग चढतोय, सावली आधी येते की उजेड, हे फक्त डोळ्यांनी टिपायचं. मग आपल्या खोलीत जाऊन करून बघायचं, बिघडवायचं, परत करायचं. ज्याला डॉक्युमेंटेशन नाही अशा दुसऱ्याच्या कोडचा नुसता आउटपुट बघून आत काय चाललंय ते ओळखायचा प्रयत्न तुम्ही केला असेल, तर यात किती रात्री जातात ते तुम्हाला माहीत आहे.

गंमत म्हणजे तेव्हा देशात कलाशाळा होत्या. मद्रासची १८५०मध्ये सुरू झाली होती, मुंबईची जे. जे. १८५७मध्ये. रविवर्मा कुठल्याच शाळेत गेले नाहीत.

पुढचं यश आश्चर्य वाटावं इतक्या वेगाने आलं. १८७३ साली मद्रासच्या प्रदर्शनात त्यांच्या केशभूषा करणाऱ्या नायर स्त्रीच्या चित्राला गव्हर्नरचं सुवर्णपदक मिळालं. त्याच वर्षी चित्र व्हिएन्नाच्या प्रदर्शनात गेलं. वय पंचवीस. त्यानंतर संस्थानिक आणि इंग्रज अधिकारी व्यक्तिचित्रांसाठी रांगेत उभे राहिले.

त्यांनी कलेवर ग्रंथ वगैरे लिहिला नाही. त्यांचा विचार वाचायचा तर चित्रांतून आणि कामाच्या पद्धतीतूनच. मला त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. ज्याला सांगून कुणी शिकवलं नाही, त्याचा विश्वास फक्त पाहिलेल्या गोष्टीवर बसला.

बडोद्याचं काम घ्या. दिवाण टी. माधवराव यांच्यामुळे सयाजीराव गायकवाडांशी संबंध आला आणि १८८८ साली पौराणिक विषयांवरच्या चौदा चित्रांचं काम मिळालं. मग प्रश्न पडला, की दमयंतीने नेसायचं काय? आज हा प्रश्नच हास्यास्पद वाटेल, कारण त्याचं उत्तर त्यांनी देऊन ठेवलंय आणि आपण ते जन्मापासून बघतोय. तेव्हा ते ठरलेलं नव्हतं. प्रत्येक प्रांताचा पेहराव वेगळा. पुराणात शिंप्याची मापं दिलेली नाहीत. रविवर्मा धाकटे भाऊ सी. राजा राजवर्मा यांना घेऊन उत्तर भारतभर फिरले, सगळीकडे चालेल असा जुना पोशाख कुठे दिसतो का ते शोधत. तसा तो सापडला नाही. शेवटी त्यांनी साडी निवडली, आणि अनेक चित्रांत ती आपल्याकडच्या नऊवारीच्या वळणाची आहे. केरळात वाढलेल्या माणसाने नायिकांना साडी नेसवली ती बडोदा-मुंबईकडच्या बायका डोळ्यांसमोर ठेवून.

ही साडी जवळून बघा. काठाची जर कुठे चमकते आणि चुणीत शिरल्यावर कुठे विझते, हे पाठ करून काढता येत नाही. समोर खरी साडी, खरा उजेड आणि ती नेसलेली खरी बाई लागते. १८८९च्या स्त्री-वादकांच्या चित्रात अकरा बायका अकरा तऱ्हांनी नटलेल्या आहेत आणि प्रत्येकीचं कापड वेगळ्या वजनाचं आहे. देव आणि शेजारीण यांच्यावर सारखाच उजेड पडतो, हा या चित्रकाराचा आग्रह. टीकाकारांना नेमकं तेच खुपलं. शकुंतला जमिनीवर पालथी पडून कमळाच्या पानावर पत्र लिहिते हे भगिनी निवेदितांना मुळीच रुचलं नाही. आनंद कुमारस्वामींना त्यात नाटकीपणा दिसला, आणि बंगालच्या नव्या चित्रकारांना हे सगळं विलायती वाटलं.

टीका सगळीच चुकीची आहे असं मी म्हणणार नाही. काट्याच्या निमित्ताने मागे वळून बघणारी शकुंतला घ्या. पडदा उघडल्यावर नटीने पोझ घ्यावी तशीच ती उभी आहे. दोघे भाऊ मुंबईत नाटकं बघायचे आणि ते चित्रात उतरलंय. मला त्यांच्या देवांपेक्षा माणसंच आवडतात. ओळखीचा चेहरा समोर बसलेला असला की हा चित्रकार जराही खोटं बोलत नाही.

'भाऊ' हा शब्द मी दोनदा लिहिला, पण रविवर्मांच्या गोष्टीत तो नेहमी राहून जातो. राजा राजवर्मा स्वतः चित्रकार होते. थोरल्या भावाच्या कित्येक चित्रांतली निसर्गदृश्यं, मागची झाडं-डोंगर त्यांच्या हातचे. १८९५पासून त्यांनी इंग्रजीत रोजनिशी लिहिली, त्यात प्रवास, गिऱ्हाइकं, नाटकं, आजारपणं सगळं आहे. १९०५च्या सुरुवातीला ते गेले आणि २ ऑक्टोबर १९०६ रोजी किळिमानूरला रविवर्मा गेले. 'एकट्याने शिकलेला' हे वर्णन मला म्हणूनच पुरतं पटत नाही. गुरू नव्हता हे खरं, पण चुकलेलं दाखवायला शेजारी माणूस होता.

छापखान्याची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. १८९४ साली मुंबईत तो सुरू झाला. प्रत्येक रंगासाठी वेगळ्या दगडावर चित्र काढून एकावर एक छाप घ्यायचे. पहिलं छापलं ते शकुंतलेच्या जन्माचं चित्र. मग प्लेग आला, छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, धंदा तोट्यात गेला आणि शेवटी तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. दादासाहेब फाळके काही काळ तिथेच कामाला होते. धंदा बुडाला तरी लक्ष्मी आणि सरस्वती घरोघरी पोचल्या. इतक्या, की जुनं आणि सुंदर दिसेल ते रविवर्मांच्या नावावर जातं. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधली हातात समई धरलेली बाई व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांच्याच नावाने फिरते. ती आपल्या सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांची आहे. समोर उभी होती ती त्यांची मुलगी आणि माध्यम जलरंग. ओळखीच्या ग्रुपवर हे सांगून बघा. कुणी ऐकत नाही.

या सगळ्यात एक बारीक नोंद मला जास्त महत्त्वाची वाटते. रविवर्मांचा मुलगा रामवर्मा हाही चित्रकार झाला, आणि तो शिकला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. रात्रीच्या चोरट्या धड्यांवर आणि नुसतं बघायच्या परवानगीवर तयार झालेल्या बापाचा मुलगा रीतसर शाळेत गेला. आपण 'सेल्फ-टॉट' हा शब्द प्रोफाइलवर मिरवतो. मीही मिरवला. रविवर्मांसाठी ती पदवी नव्हती. दोन माणसांनी नाही म्हटल्यामुळे ओढवलेली ती अडचण होती. त्या अडचणीतून त्यांना नजर मिळाली हे मान्य. पण तीच अडचण मुलाच्याही वाट्याला यावी म्हणून त्याला कुणी अडवून ठेवलं नाही.

मला तर कुणीच नाही म्हटलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

गेल्या महिन्यात रविवारच्या क्लासला नाव घातलं. पहिल्या दिवशी आजोबांना कापडात गुंडाळून घेऊन गेले. सरांनी चेहऱ्याकडे बघितलंच नाही. चित्र उलटं केलं, कॅनव्हासच्या मागच्या बाजूवर बोटाने टिचकी मारली आणि विचारलं, "हे ताणलं कुणी?"

दुकानातून तयारच आणला होता, म्हटलं.

"मग आधी ते शिका," म्हणाले, आणि हातोडी पुढे केली.