काचपट्टीमागची माणसे

छत्रपती संभाजीनगरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय उभ्या मराठवाड्याला 'घाटी' या एकाच नावाने ठाऊक आहे. पैठण, वैजापूर, गंगापूर, कन्नडकडचा माणूस आजारी पडला आणि गावच्या दवाखान्यात गुण आला नाही, की घरची मंडळी म्हणतात, "आता घाटीला न्या." तेथे गेल्यावर डॉक्टर नाडी पाहतात, छाती तपासतात, आणि मग म्हणतात, "रक्त-लघवी तपासून घ्या, रिपोर्ट आला की बघू." त्या क्षणापासून रिपोर्ट हाती पडेपर्यंत रुग्णाचे भवितव्य एका अनोळखी माणसाच्या हाती असते. डॉक्टरांचे नाव आपण आयुष्यभर विसरत नाही, शुश्रूषा करणाऱ्या सिस्टरांची आठवण काढतो. परंतु काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावणारा तो तंत्रज्ञ कोण, हे विचारण्याचे कुणाच्या मनात येत नाही. त्याच्या विद्येला इतिहास आहे, आणि त्या इतिहासाची काही पाने आपल्याच मुलखात लिहिली गेली आहेत.

औरंगाबाद ज्या निजामी राज्यात होते, त्याच राज्यातील सिकंदराबादच्या लष्करी छावणीत १८९७ च्या ऑगस्ट महिन्यात रोनाल्ड रॉस हा इंग्रज डॉक्टर डासांची चिरफाड करीत बसला होता. हिवताप डासामार्फत पसरतो, असा त्याचा तर्क होता. पुरावा मात्र मिळत नव्हता. उकाडा असह्य होता, पण पंखा चालवला तर डासाचे बारीक अवयव उडून जाणार. कपाळावरून ओघळणाऱ्या घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले होते आणि भिंगाला तडा गेला होता. २० ऑगस्ट रोजी डासाच्या जठरात त्याला हिवतापाच्या जंतूंच्या खुणा दिसल्या. त्या डासाने हुसेन खान नावाच्या रुग्णाचे रक्त प्यायलेले होते. या रुग्णाला रॉसने चाव्यामागे एक आणा दिला, असे इतिहास सांगतो. पुढे कलकत्त्यास रॉसने पक्ष्यांच्या हिवतापावर काम केले, तेव्हा त्याच्या हाताखाली महंमद बक्ष नावाचा मदतनीस होता. रॉसला १९०२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. महंमद बक्ष याचे नाव आज टिकून आहे, ते रॉसने आपल्या आठवणींत त्याचा उल्लेख केला म्हणून. प्रयोगशाळेतील मदतनिसाला त्या काळी ना शिक्षण होते, ना पदवी, ना पद. साहेबाने शिकवले तेवढे शिकायचे आणि साहेबाला आठवले तर इतिहासात उरायचे, अशी ती स्थिती होती.

त्याच सुमारास मुंबईत प्लेगने थैमान घातले होते. १८९६ च्या ऑक्टोबरमध्ये वाल्डेमार हाफकिन हे शास्त्रज्ञ मुंबईस आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एक खोली आणि तिला लागून असलेला बोळ, एवढीच त्यांची प्रयोगशाळा होती. दिमतीस एक कारकून आणि मोजके मदतनीस होते. तीन महिने काम अहोरात्र चालले. त्या ताणाने एका सहायकाचे मन खचले आणि दोघे काम सोडून गेले. प्रत्यक्ष प्लेगच्या जंतूंशी झुंजताना हाताखालच्या माणसांना काय वाटले असेल, हे त्यांनी कुठे लिहून ठेवलेले नाही. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात गेली आणि १९२५ पासून ती संस्था हाफकिन यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली.

परंतु या कीर्तीच्या मधोमध एक काळे पान आहे, आणि प्रयोगशाळेची विद्या शिकू पाहणाऱ्या प्रत्येकाने ते वाचावे असे आहे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल या खेड्यात प्लेगची लस टोचण्यात आली. लस घेतलेल्यांपैकी एकोणीस जण पुढे धनुर्वाताने दगावले. या सर्वांना लस दिली गेली होती ती एकाच बाटलीतून. चौकशी झाली. दूषित द्रव्य मुंबईच्या प्रयोगशाळेतच बाटलीत शिरले असावे, असा ठपका आला आणि हाफकिन यांना संचालकपद गमवावे लागले. मात्र चौकशीच्या कागदांत आणखी एक गोष्ट होती. बाटलीचे बूच काढण्याचा चिमटा खेड्यातील सहायकाच्या हातून जमिनीवर पडला होता, आणि तो पुन्हा नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. रॉस व इतर शास्त्रज्ञांनी पुढे हाच पुरावा लावून धरला. १९०७ साली हाफकिन निर्दोष ठरले. पण मधली पाच वर्षे आणि गेलेली अब्रू कुणी परत देऊ शकले नाही.

या घटनेकडे दोन रीतींनी पाहता येते. एका हाताच्या चुकीने एकोणीस जीव गेले, हा तिचा एक अर्थ. दुसरा अर्थ अधिक खोल आहे. त्या बाटलीवर क्रमांक होता. ती केव्हा भरली, कुठून निघाली, कुठे उघडली, याची नोंद होती. चिमटा पडल्याची हकिगत लपवली गेली नाही, ती चौकशीपुढे आली. नोंद आणि कबुली या दोन गोष्टींमुळेच पाच वर्षांनी का होईना, सत्य हाती लागले. ज्या सहायकाला कुणी धड शिकवले नव्हते, त्याच्यावर सारा दोष टाकणे सोपे होते. मात्र जमिनीवर पडलेल्या चिमट्याचे काय करावे, हे ठाऊक असलेला माणूस तयार करणे, आणि 'माझ्या हातून पडला' असे सांगण्याचे धैर्य त्याच्या अंगी बाणवणे, हे शिक्षणाचे काम आहे. तंत्रज्ञांच्या अभ्यासक्रमाचा गाभा मला येथे दिसतो.

स्वातंत्र्यानंतर हे काम मोठ्या शहरांच्या बाहेर पडले. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि १९५८ मध्ये त्याला निर्मूलनाचे रूप आले. आरोग्य कर्मचारी घरोघर फिरत, ताप आलेल्याच्या बोटाला टोचून काचपट्टीवर रक्त घेत आणि त्या पट्ट्या तपासणीसाठी पाठवत. त्यांना रंग देण्यासाठी जे रसायन वापरले जाई, ते जसवंत सिंग आणि भट्टाचार्जी या भारतीय संशोधकांनी १९४४ मध्ये सिद्ध केले होते. परदेशी रंगापेक्षा ते स्वस्त होते आणि काम झटपट करीत असे. रॉसच्या तडा गेलेल्या भिंगापासून निघालेली ही वाट अशी आरोग्य केंद्राच्या टेबलापर्यंत आली, आणि खेड्यातील माणसाला 'लॅबवाले' हा नवा शब्द मिळाला.

औरंगाबादचा विचार करता १९५६ हे वर्ष महत्त्वाचे ठरते. त्या वर्षी येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले आणि त्याच वर्षीच्या १ नोव्हेंबरला मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात आला. तोवर वैद्यकीय शिक्षणासाठी येथील मुलांची नजर हैदराबादकडे असे. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. १९९४ साली त्याचा नामविस्तार होऊन त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव मिळाले. १९९८ मध्ये नाशिकला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाल्यावर वैद्यकीय शिक्षणाची सूत्रे त्याच्याकडे गेली. या विद्यापीठाच्या परावैद्यकीय पदवीत प्रयोगशाळा तंत्रज्ञाची स्वतंत्र शाखा आहे. तीन वर्षे अध्ययन आणि एक वर्ष प्रत्यक्ष रुग्णालयात आंतरवासिता, असे तिचे स्वरूप आहे. त्याखेरीज डीएमएलटी या नावाने ओळखली जाणारी पदविका घराघरांत परिचित आहे.

या अभ्यासक्रमात शिकवतात तरी काय? रक्तशास्त्र, जीवरसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, ऊतींची तपासणी आणि रक्तपेढीचे काम, हे त्याचे मुख्य विषय. रक्त घेतानाच पहिला धडा सुरू होतो. पेशी मोजायच्या तर जांभळ्या बुचाची नळी, साखर तपासायची तर करड्या बुचाची, आणि रक्त गोठण्याचा वेळ पाहायचा तर निळ्या बुचाची. या तिसऱ्या नळीत एक भाग औषधाला नऊ भाग रक्त अचूक पडले पाहिजे. ते कमी भरले, तर यंत्र कितीही महागडे असो, उत्तर चुकणार. नळीवरचे नाव रुग्णाच्या समोरच लिहावे, असा दंडक आहे. कारण दोन सारख्या नावांच्या नळ्यांची अदलाबदल झाली, तर एका घरात नको ते औषध आणि दुसऱ्या घरात खोटा धीर जातो.

या विद्येत स्वयंपाकघराचाही वाटा आहे, हे आपल्या भगिनींना ऐकून आनंद वाटेल. जंतू वाढवण्यासाठी शास्त्रज्ञ प्रथम जिलेटिन वापरत. पण उबेत ते वितळे आणि जंतू ते पचवूनही टाकत. जर्मनीत डॉ. वॉल्टर हेसे यांच्या पत्नी फॅनी हेसे पतीच्या प्रयोगशाळेत मदत करीत व चित्रे काढीत. घरी मुरांबे व जेली घट्ट करण्यासाठी त्या समुद्रशेवाळापासून केलेला अगार वापरत. त्यांनी सुचवलेला अगार रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत पोचला, आणि १८८२ मध्ये कॉख यांनी क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला. आजही प्रत्येक विद्यार्थी अगाराच्या बशीवरच जंतू वाढवायला शिकतो. रक्तगटांचा शोध लावणारे कार्ल लँडस्टायनर १८९० मध्ये कॅथलिक झाले होते, हेही आपल्या वाचकांना ठाऊक असावे. त्यांच्या १९०१ च्या लेखापासून रक्तपेढीचा पाठ सुरू होतो.

या साऱ्या पाठांतील एक पाठ मला सर्वांत मोलाचा वाटतो. क्षयरोग्याच्या बेडक्याची काचपट्टी तपासताना सूक्ष्मदर्शकाखाली निदान शंभर क्षेत्रे पाहिल्याखेरीज 'जंतू आढळले नाहीत' असे लिहू नये, असा नियम आहे. एका पट्टीला कितीतरी मिनिटे लागतात. समोर पट्ट्यांची रांग असते, मान दुखते, डोळे शिणतात, बाहेर नातेवाईक घाई करतात. चाळीस क्षेत्रे पाहून थांबले, तर कुणाला कळणार? म्हणूनच काही पट्ट्या पुढे दुसऱ्या तपासनिसाकडे, आधीचे उत्तर न सांगता, फेरतपासणीला जातात. परंतु प्रत्येक पट्टीमागे पहारेकरी उभा करता येत नाही. अखेरीस ते साठ क्षेत्रांचे अंतर तंत्रज्ञाची सदसद्विवेकबुद्धीच भरून काढते. ते न भरले, तर खोकणारा बाप 'काही नाही' असा कागद घेऊन घरी परततो आणि एकाच खोलीत लेकरांसह झोपतो.

२०२० साली या अदृश्य माणसांकडे सर्वांचे लक्ष गेले. मार्चमध्ये करोनाची साथ शहरात आली, तेव्हा प्रारंभी नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेकडे पाठवावे लागत. पुढे घाटीतच तपासणी होऊ लागली, विद्यापीठाच्या आवारातही प्रयोगशाळा उभी राहिली. माणसे माणसांपासून दूर पळत होती, त्या दिवसांत नाकातोंडातील नमुने जवळ घेऊन बसणारे हे लोक होते. साथ ओसरली आणि ते पुन्हा विस्मरणात गेले.

कायद्याने मात्र त्यांची दखल घेतली आहे. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की प्रयोगशाळेच्या अहवालावर विकृतिशास्त्रातील पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी. तंत्रज्ञाने निदान करू नये, ही मर्यादा योग्यच आहे. त्यानंतर २०२१ मध्ये संसदेने संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला, आणि वैद्यकीय प्रयोगशाळेचे काम करणाऱ्यांच्या शिक्षणाला व नोंदणीला त्यात स्थान मिळाले. महंमद बक्ष याचे नाव साहेबाच्या आठवणीवर अवलंबून होते. त्याच्या आजच्या वारसाचे नाव कायद्याने नोंदवहीत यावयाचे आहे. सव्वाशे वर्षांचे हे अंतर थोडे नव्हे.

म्हणूनच पालकांना एक विनंती करावीशी वाटते. बारावी विज्ञान झालेल्या आपल्या मुलामुलींसाठी हा मार्ग सन्मानाचा आहे. 'डॉक्टर होता आले नाही म्हणून' असा शिक्का त्यावर मारू नये. परंतु प्रवेश घेण्यापूर्वी तो अभ्यासक्रम कोणत्या विद्यापीठाचा वा मंडळाचा आहे, त्याला शासनाची मान्यता आहे काय, आणि शिकणाऱ्याला खऱ्या रुग्णालयात काम करावयास मिळते काय, हे तीन प्रश्न अवश्य विचारावेत. थोड्या महिन्यांत प्रमाणपत्र देऊ म्हणणारी जाहिरात स्वस्त वाटते. तिची किंमत पुढे एखादा अनोळखी रुग्ण मोजतो.

आणि पुढच्या वेळी घाटीत वा अन्य कुठल्या रुग्णालयात रिपोर्टासाठी बाकावर बसलो, तर त्या बंद दारामागे कुणीतरी आपल्या माणसाच्या काचपट्टीची क्षेत्रे एकेक करून मोजत आहे, हे ध्यानी ठेवावे. रिपोर्टाला उशीर झाला म्हणून खिडकीशी आवाज चढवण्यापूर्वी त्याला शंभरापर्यंत पोचू द्यावे.