रायपूर आणि मेजर अ‍ॅग्न्यू यांचा अहवाल

मेजर व्हान्स अ‍ॅग्न्यू यांनी छत्तीसगड सुभ्याविषयी १८२० मध्ये एक अहवाल लिहिला. इंग्रजांशी झालेल्या सीताबर्डीच्या लढाईनंतर (नोव्हेंबर १८१७) नागपूरचे राजे आप्पासाहेब भोसले पदच्युत झाले आणि त्यांच्या जागी आलेले तिसरे रघूजी अल्पवयीन असल्याने नागपूरचा कारभार इंग्रज रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स यांच्या हाती आला. त्या व्यवस्थेत अ‍ॅग्न्यू छत्तीसगडचे सुपरिंटेंडेंट झाले आणि सुभ्याचे मुख्य ठाणे रतनपूरहून रायपुरास आले. लढाया आणि सत्तांतरातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलखाचे परक्या नजरेने केलेले वर्णन म्हणून हा अहवाल फार मोलाचा आहे, मात्र ती नजर सारा बसवण्यासाठी आलेल्या अधिकाऱ्याची आहे, हे वाचकाने विसरू नये. गौंटिया (सरकारशी गावाचा सारा ठरवून तो रयतेवर वाटून वसूल करणारा गावप्रमुख) आणि कमाविसदार (परगण्याचा वसुली अधिकारी) यांच्यामार्फतच त्याला गाव कळत होते. लाखाबाटा, म्हणजे गावच्या जमिनीची काही वर्षांनी होणारी फेरवाटणी, पाळणाऱ्या शेतकऱ्यांनी स्वतः लिहून ठेवलेले असे काही त्यात नाही. भोसल्यांच्या सुभेदारीवरील त्याची कठोर टीका तर मोडी कागदपत्रांशी ताडूनच स्वीकारावी, कारण नव्या कारभाराची बाजू मांडणे हेही त्या लेखनाचे काम होते. १८३० मध्ये हा प्रदेश रघूजींकडे परत गेला आणि १८५४ मध्ये नागपूर राज्यासह खालसा झाला.