तबकडीचे सांगाती

श्रोतेहो, इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें राजे, तह, लढाया आणि सनावळ्या उभ्या राहतात. आज मी ज्या इतिहासाविषयीं बोलणार आहें, त्यांत तह नाहींत आणि लढायाहि नाहींत. एखादें उत्तम गाणें एका मनुष्याच्या कानापासून दुसऱ्याच्या कानापर्यंत कोणत्या वाटेनें गेलें, एवढाच त्याचा विषय आहे. विषय लहान दिसतो खरा. परंतु आपण आवडीनें जें जें ऐकतों, त्यांतलें स्वतः शोधून काढलेलें किती आणि दुसऱ्या कोणी तरी हातीं दिलेलें किती, याचा हिशेब मांडूं लागल्यास दुसऱ्या बाजूचें पारडें चटकन् खालीं जातें.

प्रथम शब्दाकडे पाहूं. गाण्यांच्या संग्रहाला आज सर्वजण ‘अल्बम’ म्हणतात. हा शब्द मूळचा वहीचा. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारें तीन मिनिटांचेंच गाणें मावे. मोठी रचना किंवा नाटकाचे प्रवेश द्यावयाचे तर अनेक तबकड्या लागत, आणि त्या सर्व पुठ्ठ्याच्या एका जाड वहींत, पानापानाच्या खिशांत घालून ठेवीत. फोटोंच्या वहीस जें नांव, तेंच या वहीस पडलें. पुढें सन १९४८ मध्यें अमेरिकेंत मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी दीर्घ तबकडी निघाली, वही नाहींशी झाली. नांव मात्र राहिलें.

हिंदुस्थानांत या विद्येचा आरंभ सन १९०२ च्या नोव्हेंबर महिन्यांत कलकत्त्यास झाला. फ्रेड गैसबर्ग नांवाचा तंत्रज्ञ आपलीं यंत्रें घेऊन आला आणि त्यानें गौहर जान हिचें गाणें मुद्रित केलें. गाणें संपतांच ती आपलें नांव इंग्रजींत उच्चारीत असे. कारण तबकड्या छापल्या जात जर्मनींतील हॅनोव्हर येथें, आणि तेथील कारागिरांस गाणारी कोण हें कळावयास दुसरा उपाय नव्हता. ज्या कलावतींना प्रतिष्ठित घराच्या दिवाणखान्यांत पाऊल टाकूं देण्यास तेव्हांचा समाज तयार नव्हता, त्यांचा आवाज तबकडीच्या रूपानें त्याच दिवाणखान्यांत शिरला आणि घरांतील स्त्रियाहि तो ऐकूं लागल्या. या यंत्राच्या खात्यावर दुसरें कांहीं जमा नसतें, तरी एवढें पुण्य त्यास पुरेसें होतें.

परंतु यंत्र केवळ आवाज देतें. पत्ता देत नाहीं. याचें उत्तम उदाहरण पंडित भीमसेन जोशी यांचें. गदग येथें बालपणीं त्यांनीं अब्दुल करीम खाँ यांच्या गाण्याची तबकडी ऐकली, आणि असें गाणें आपल्यास आलेंच पाहिजे या ध्यासानें सन १९३३ मध्यें, वयाच्या अकराव्या वर्षीं, त्यांनीं घर सोडलें. ग्वाल्हेरपासून जालंदरपर्यंत मुलगा भटकला. अखेर विनायकराव पटवर्धन यांनीं त्यास सांगितलें कीं, तूं घरीं परत जा. तुझ्या गांवापासून जवळच, कुंदगोळला, सवाई गंधर्व आहेत. हे सवाई गंधर्व म्हणजे त्याच खाँसाहेबांचे शिष्य! तबकडीनें तहान लावली, पण विहीर कोठें आहे हें सांगावयास जाणता मनुष्यच लागला.

ही सांगण्याची रीत पुढें रेडिओनें फार विस्तारली, आणि या ठिकाणीं आपल्या शहराचें नांव अभिमानानें घ्यावें लागेल. सन १९४७ मध्यें देश स्वतंत्र झाला, तेव्हां संस्थानी मुलखांत पांच रेडिओ केंद्रें होतीं: म्हैसूर, बडोदें, त्रिवेंद्रम, हैदराबाद आणि पांचवें आपलें औरंगाबाद, म्हणजे आजचें छत्रपति संभाजीनगर. पुढें हीं केंद्रें अखिल भारतीय आकाशवाणींत सामील झालीं. सन १९५२ मध्यें मंत्री बाळकृष्ण केसकर यांच्या धोरणामुळें आकाशवाणीवरून चित्रपटगीतें जवळजवळ नाहींशीं झालीं, तेव्हां श्रोत्यांनीं रेडिओची कळ सिलोनकडे फिरविली. फर्माइशींच्या पत्रांचा तेथें पाऊस पडला. बिहारांतील (आतां झारखंडांतील) झुमरी तलैया हें लहानसें गांव या पत्रांमुळेंच देशभर ठाऊक झालें. ज्यांनीं एकमेकांस कधीं पाहिलें नाहीं, अशा माणसांचीं नांवें एका गाण्याच्या अगोदर एका ओळींत वाचलीं जात. आणि ‘अमक्या गांवच्या अमक्यास हें आवडतें, तर ऐकून तरी पाहूं’ असें म्हणून हजारों लोकांचे कान टवकारत. पुढें १९५७ मध्यें आकाशवाणीनेंहि विविध भारती काढून ही पत्रें आपल्या दारीं बोलाविलीं. महाराष्ट्रांत १ एप्रिल १९५५ पासून पुणें केंद्रावरून गदिमा व सुधीर फडके यांचें ‘गीतरामायण’ सुरू झालें. वर्षभर ५६ गीतें श्रोत्यांनीं आठवड्या-आठवड्यानें ऐकलीं, तीं बहुधा शेजाऱ्यांसह. कारण रेडिओ प्रत्येक घरीं नव्हता. मागाहून तीं दीर्घ तबकड्यांवर आलीं, तेव्हां तीं विकत घेणाऱ्यास त्यांची ओळख करून देण्याची गरज उरली नव्हती.

आतां एक उदाहरण असें सांगतों कीं, जें ऐकून पुष्कळांस कल्पित वाटेल. गोव्यांतील केरी गांवच्या केसरबाई केरकर यांची भैरवीची एक ध्वनिमुद्रिका आहे. ती साडेतीन मिनिटांची. सन १९७७ मध्यें अमेरिकेनें व्हॉएजर नांवाचीं दोन यानें अंतराळांत पाठविलीं, आणि पृथ्वीवरील निवडक आवाज त्यांच्याबरोबर सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर देण्याचें ठरलें. निवड करणाऱ्या कार्ल सेगन यांच्या मंडळास केसरबाईंचें नांव सुचविलें रॉबर्ट ब्राउन या संगीताभ्यासकानें. परंतु तबकडी मिळेना. शेवटीं न्यूयॉर्कमधील एका भारतीय कुटुंबाच्या दुकानांत, टेबलाखालच्या खोक्यांत, तिच्या प्रती सांपडल्या. ५ सप्टेंबरला व्हॉएजर-१ उडालें आणि १६ सप्टेंबरला केसरबाई निवर्तल्या. आज तो आवाज सूर्यमालेच्या ग्रहांपलीकडे गेला आहे. विचार करा, श्रोतेहो: आवाज केसरबाईंचा, विद्या अल्लादिया खाँसाहेबांची; परंतु एका मनुष्यानें ‘हीच घ्या’ असा आग्रह धरला नसता, तर ती तबकडी त्या खोक्यांतच राहती.

असा आग्रह धरणाऱ्यांचें एक मंडळ मुंबईंत सन १९९० मध्यें स्थापन झालें. ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ असें त्याचें नांव. भौतिकशास्त्राचे अभ्यासक सुरेश चांदवणकर यांच्यासारख्या रसिकांनीं तें चालविलें, आणि ‘द रेकॉर्ड न्यूज’ हें नियतकालिक काढून कोणती तबकडी कोणत्या कंपनीची, कोणत्या क्रमांकाची, कोणाच्या आवाजांतली, याची नोंद करण्याचें कष्टाचें काम केलें. मुंबईच्या ‘यंग इंडिया’ छापाच्या तबकड्या आज अभ्यासकांस ओळखतां येतात, त्या अशाच वेडामुळें.

हें सर्व सांगण्याचें कारण आतां सांगतों. आमच्या शहरांत एका वृद्ध रसिकाच्या निधनानंतर त्यांच्या तबकड्या वजनावर भंगारवाल्याकडे गेल्या. घरच्यांचा यांत दोष नाहीं. वाजविण्याचें यंत्र बंद पडलें होतें आणि जागा हवी होती. परंतु त्या तबकड्यांच्या पाकिटांवर त्या गृहस्थांनीं पेन्सिलीनें बारीक अक्षरांत लिहून ठेवलें होतें: ही कोणी ऐकविली, ही कोणाच्या सांगण्यावरून घेतली, हिच्या दुसऱ्या बाजूकडे दुर्लक्ष करूं नये. गाणीं कदाचित् दुसरीकडे मिळतील. तीं टिपणें कोठेंच मिळणार नाहींत. त्यानंतर आम्हीं कांहीं निवृत्त मंडळींनीं महिन्यांतून एकदां एकत्र बसून गाणें ऐकण्याचा परिपाठ ठेविला आहे. त्यास नियम एकच: जो संग्रह आणील त्यानें तो लावण्यापूर्वीं, आपल्यास तो कोणी ऐकविला हें सांगावें. कोणी शिक्षकाचें नांव घेतो, कोणी आत्याचें, कोणी रेल्वेंत भेटलेल्या प्रवाशाचें. पंधरा जणांच्या बैठकींत अद्याप एकानेंहि ‘माझें मीं शोधलें’ असें म्हटलेलें नाहीं.

पूर्वीं टंचाई गाण्यांची होती, सांगणारे पुष्कळ होते. आज खिशांतल्या फोनमध्यें हवें तें गाणें क्षणांत उभें राहतें. टंचाई आहे ती प्रेमानें आणि जबाबदारीनें सांगणाऱ्याची. यंत्रहि सुचवितें, नाहीं असें नाहीं; परंतु आपण काल काय ऐकलें यावरून तें उद्यांचें ठरवितें. जें आपल्या स्वप्नांतहि नव्हतें, तें पुढें ठेवण्याचें धाडस बहुधा मित्रच करतो.

म्हणून माझी विनंति एवढीच कीं, आपल्या घरीं जुन्या तबकड्या, ध्वनिफिती किंवा नुसती आठवण जरी असेल, तरी येत्या रविवारीं घरांतील एखाद्या तरुणास जवळ बसवून एक गाणें ऐकवावें, आणि तें आपल्यापर्यंत कोणाच्या हातून आलें तें नांव त्यास सांगावें. मग तो तें विसरला तरी चालेल. पुढें केव्हां तरी तेंच गाणें तो दुसऱ्यास ऐकवूं लागेल, तेव्हां तें नांव त्यास आठवल्यावांचून राहणार नाहीं.