टेंभी नाक्यावरचं ‘स्वर्गाचं दार’ : शनिवार तेल्यांच्या सिनेगॉगची गोष्ट

ठाणे : शहापूर, मुरबाड, भिवंडीकडून ठाण्याच्या सिव्हिल हॉस्पिटलला पेशंट घेऊन आलेल्या माणसाने टेंभी नाका बघितलाच असतो. नवरात्रातली टेंभी नाक्याची देवी तर सगळ्या जिल्ह्याला ठाऊक. याच नाक्यावर जैन मंदिर आहे, पारशांची अग्यारी आहे आणि सिव्हिल हॉस्पिटलच्या जुन्या जागेसमोर सहा टोकांच्या चांदणीची खूण असलेली एक इमारत आहे. अनेकजण तिला चर्च समजतात. ते चर्च नाही. ते ज्यू म्हणजे यहुदी लोकांचं प्रार्थनास्थळ आहे. त्याला सिनेगॉग म्हणतात. नाव ‘शार हाशमाईम’. हिब्रू भाषेतल्या या नावाचा अर्थ ‘स्वर्गाचं दार’.

हे सिनेगॉग १८७९ साली उभं राहिलं. ते बांधणारे लोक परदेशी साहेब नव्हते. ते आपल्याच कोकणातले, घरात मराठी बोलणारे लोक होते.

तेलाच्या घाण्यापासून सुरुवात

या समाजाला ‘बेने इस्रायल’ म्हणतात. म्हणजे इस्रायलची लेकरं. त्यांच्यात पिढ्यान् पिढ्या सांगत आलेली गोष्ट अशी : सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर त्यांच्या पूर्वजांचं गलबत फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. जे बुडाले त्यांना तिथेच पुरलं. आज नवगावला त्या जागी स्मारक आहे.

वाचलेले लोक गावोगाव पांगले. पोटासाठी त्यांनी तेलाचा घाणा धरला. पण त्यांच्या धर्मात शनिवार विश्रांतीचा दिवस. शुक्रवारी सूर्य मावळला की काम बंद, ते शनिवारी रात्र पडेपर्यंत. त्या दिवशी त्यांचा घाणा फिरत नसे, बैलाला जू लागत नसे. म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. सोमवारी घाणा बंद ठेवणारे हिंदू तेली ते ‘सोमवार तेली’.

गावावरून आडनावं पडली. पेणचे ते पेणकर, रोह्याचे ते रोहेकर, किहीमचे ते केहिमकर, दिव्याचे दिवेकर. ‘बूट पॉलिश’ (१९५४) सिनेमातले जॉन चाचा म्हणजे अभिनेते डेव्हिड याच समाजाचे. त्यांचं पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. चेऊल म्हणजे रेवदंड्याजवळचं चौल.

शेकडो वर्षं या लोकांकडे ना धर्मग्रंथ होता ना प्रार्थनास्थळ. तरी चार गोष्टी त्यांनी सोडल्या नाहीत : शनिवारची सुटी, मुलगा झाला की आठव्या दिवशी सुंता, पंख आणि खवले असलेलीच मासळी खाणं आणि ‘शेमा’ ही एक छोटी प्रार्थना. एवढ्यावर धर्म टिकला.

गावातून शहराकडे

इंग्रजांच्या काळात ही मंडळी कंपनीच्या पलटणीत भरती झाली. पुढे रेल्वे, पोस्ट, सरकारी कचेऱ्या अशा नोकऱ्यांत शिरली. पलटणीतलेच सॅम्युएल दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईत मांडवी भागात बेने इस्रायलांचं पहिलं सिनेगॉग बांधलं. लोक त्यालाही मशीदच म्हणायचे. मस्जिद स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं, असं सांगितलं जातं.

मग अलिबाग, रेवदंडा, पनवेल, पेण अशा ठिकाणी सिनेगॉग झाली. ठाणे तर जिल्ह्याचं ठिकाण. कोर्ट, कचेरी, तुरुंग सगळं इथे. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे देशातली पहिली प्रवासी रेल्वे धावली. त्यानंतर २६ वर्षांनी टेंभी नाक्यावर हे दार उघडलं.

आत काय असतं?

सिनेगॉगमध्ये मूर्ती किंवा देवाचं चित्र नसतं. भिंतीला एक कपाट असतं, त्याला हेखाल म्हणतात. ते जेरुसलेमच्या दिशेला असतं, म्हणजे आपल्याकडून पश्चिमेला. त्यात ‘सेफर तोरा’ ठेवतात. चामड्याच्या पातळ गुंडाळीवर हाताने लिहिलेला हा हिब्रू धर्मग्रंथ. मधोमध कठडा असलेला ओटा असतो, तो तेबा. तिथे उभं राहून प्रार्थना म्हणतात. पुरुष डोक्यावर टोपी घालतात. जुन्या सिनेगॉगमध्ये बायकांची बसायची जागा वरच्या सज्जात असते.

प्रार्थना म्हणणारा तो हझान, खजिना सांभाळणारा गब्बाई, व्यवस्था बघणारा शमाश. पण प्रमुखाला म्हणतात मुकादम आणि त्याच्या मदतनिसाला चौगुला. आपल्या गावगाड्यातलेच हे शब्द.

सणांची जुनी नावंही तशीच. नवीन वर्ष तो ‘नव्याचा सण’. कडक उपासाचा दिवस तो ‘दारफाळणीचा सण’. जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या शोकाचा दिवस तो ‘बिरड्याचा सण’, कारण त्या वेळी वालाचं बिरडं करायची रीत. नवस फेडायचा तर ‘मलिदा’ करतात : पोहे, ओलं खोबरं, साखर, सुका मेवा आणि फळं. हा मलिदा एलियाहू हनबी या पैगंबराच्या नावाने होतो. त्याच्या रथाची खूण अलिबाग तालुक्यात खंडाळ्याच्या खडकावर आहे, अशी त्यांची श्रद्धा.

दहा माणसांचा प्रश्न

या धर्मात एक नियम फार महत्त्वाचा. सामुदायिक प्रार्थनेला तेरा वर्षांवरचे किमान दहा पुरुष लागतात. दहा जमले नाहीत तर तोराचं जाहीर वाचन होत नाही. मेलेल्या माणसासाठी म्हणायची ‘कद्दीश’ ही प्रार्थनाही होत नाही. म्हणजे इमारत कितीही भक्कम असो, दहा माणसं नसतील तर सिनेगॉग मुकं.

१९४८ साली इस्रायल देश झाला. तेव्हा भारतात बेने इस्रायल वीस हजारांच्या आसपास होते. त्यानंतर कुटुंबंच्या कुटुंबं तिकडे गेली. तिकडेही सगळं सोपं नव्हतं. हे लोक पक्के ज्यू आहेत का, असा प्रश्न तिथल्या धर्मगुरूंनी लग्नाच्या वेळी काढला. बेने इस्रायलांनी आंदोलन केलं आणि १९६४ साली तो भेदभाव मागे घ्यावा लागला. आज इस्रायलमध्ये हजारो मराठी ज्यू आहेत. तिथून ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकही निघालं.

इकडे मात्र गावं रिकामी झाली. कोकणातल्या काही सिनेगॉगमध्ये आता सणासुदीलाच माणसं जमतात. २०११ च्या जनगणनेत साऱ्या भारतात ज्यू साडेचार हजारांच्या आसपास निघाले. त्यातले निम्म्याहून अधिक महाराष्ट्रातले.

ठाण्यात उलटं घडलं. मुंबईत भायखळा, डोंगरी भागातली घरं लहान पडू लागली, नवीन जागा परवडेना. तिथली कुटुंबं ठाण्याकडे सरकली. त्यामुळे आज बेने इस्रायलांची भारतातली सगळ्यात मोठी वस्ती ठाण्यात मानली जाते आणि टेंभी नाक्याचं सिनेगॉग त्यांचं मुख्य ठिकाण झालं आहे. गावचे घाणे गेले, पण दहा माणसं इथे जमतात.

जून २०१६ मध्ये राज्य सरकारने ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला. त्याआधी सरकारी कागदावर धर्माच्या रकान्यात त्यांना बऱ्याचदा ‘इतर’ लिहावं लागे.

बघायला जाणाऱ्यांसाठी

मुंबईवर २६ नोव्हेंबर २००८ ला झालेल्या हल्ल्यात ज्यूंचं नरिमन हाऊस लक्ष्य झालं होतं. तेव्हापासून सिनेगॉगना पोलीस बंदोबस्त असतो. आत जायचं तर आधी परवानगी घ्यावी, ओळखपत्र जवळ ठेवावं, पुरुषांनी डोकं झाकावं, विचारल्याशिवाय फोटो काढू नये. शुक्रवार संध्याकाळ आणि शनिवार हा प्रार्थनेचा वेळ, तेव्हा नुसतं बघायला जाणं टाळावं.

पुढच्या वेळी टेंभी नाक्यावर काम निघालं तर रस्त्यावरून त्या चांदणीकडे एकदा जरूर बघा. तिथली प्रार्थना हिब्रूत चालते, पण प्रार्थना आटोपून बाहेर पडणारी माणसं एकमेकांशी आपल्याच भाषेत बोलतात.